रीळ नंबर सहा आणि नऊ

मी, भावकू रवळू धामणेकर, वय सहासष्ट, मूळ गाव उचगाव, सध्या राहणार खासबाग, बेळगाव, पूर्वीचा धंदा सिनेमा ऑपरेटर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तातली साखर थोडी वाढली आहे, पण तिने विचारात फरक पडत नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि शेजारी बसून कोणी सांगतही नाही. घरात मी एकटाच असतो. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी सर्व काही पत्नी सुनंदा हिच्या नावे लिहिले होते. ती गेल्या वर्षी श्रावणात वारली. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

वकिलांनी मला दोन पानांचा नमुना दिला आहे. तो पाळायचा प्रयत्न करतो. पण कलम चार त्यात बसत नाही, आणि खरे म्हणजे त्या एका कलमासाठीच मी लिहायला बसलो आहे. माझ्याकडे ‘सामायिक भिंत’ या मराठी चित्रपटाची शिल्लक राहिलेली एकमेव प्रत आहे. चौदा रिळांचे चौदा डबे. १७ तारखेच्या सोमवारी ते पुण्याला जाणार आहेत. तिथे त्यांची संगणकावर प्रत होईल. फिल्म इतकी आकसली आहे की यंत्रातून एकदाच जाईल. पुढे लोक जे पाहतील ते त्या प्रतीतूनच. ती कोणत्या क्रमाने जोडायची हे ठरायचे आहे, आणि खरा क्रम काय हे ज्या दोन माणसांना माहीत आहे त्यांतला एक मी आहे.

कलम १. खासबागचे घर, आतल्या सामानासह, माझा पुतण्या निशांत भरमू धामणेकर याला द्यावे. तो बेंगळुरात संगणकाच्या ऑफिसात आहे व इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. विकले तरी माझी हरकत नाही. फक्त मागच्या खोलीत व्हिनेगरसारखा वास येतो, तो घराचा दोष नाही, जुन्या फिल्मचा आहे. गिऱ्हाइकाला तसे सांगावे. सुनंदा तिथे कापूर ठेवत असे. तिने एकदाही तक्रार केली नाही. उलट पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने ती खोली दाखवायची.

कलम २. उचगावच्या शेतातला माझा हिस्सा थोरला भाऊ भरमू याला, बिनशर्त. कसले त्यानेच आहे. भरमूबद्दल माझ्या मनात एकच राग आहे, तो इथे लिहून मोकळा होतो. भरमूने आयुष्यात एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला नाही. शेवटची बस चुकेल म्हणून तो नेहमी अर्धा तास आधी उठायचा, आणि मग अख्खा पिक्चर कसा वाईट होता हे गावभर सांगायचा. सुनंदाला तो माझ्यासमोर म्हणाला होता, “सुनंदा, ह्यो तुजा न्हवरा पडल्याल्या पिक्चरांची श्राद्धं घालतोय. तूबी पिंड वळायला बसलीयास व्हय?” सुनंदा हसली होती. मी हसलो नव्हतो, पण बोललोही नव्हतो. राग त्या शब्दांचा आहे. आता तो संपला.

बँकेत जी ठेव असेल ती अबोलीकडे द्यावी. अबोली ही सुनंदाच्या भावाची मुलगी. मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणून ती मला मामा म्हणते. ती इथे कॉलेजात शिकवते आणि रविवारी चित्रपट मंडळ चालवते. या मृत्युपत्राची व्यवस्था तिनेच पाहावी.

कलम ३. हत्यारे, वह्या व मते. फिल्म जोडायचे यंत्र, हाताने फिरवायचा रिवाइंडर आणि दोन भिंगे अबोलीला. अकरा वह्या अबोली आणि निशांत या दोघांत मिळून. वाटून घेऊ नयेत, भांडत वाचाव्यात. १९८४ पासून पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद त्यांत आहे.

निशांत फोनवर चित्रपटांबद्दल बोलतो व ते हजारो लोक ऐकतात. तो ज्यांना ‘कल्ट’ म्हणतो त्यांना आम्ही ऑपरेटर लोक ‘चिवट’ म्हणायचो. चालणारा पिक्चर वेगळा. चिवट म्हणजे पहिल्या आठवड्यात पडलेला, पण न मेलेला. मालकाने पोस्टर उतरवले तरी कोणीतरी येऊन विचारतो, तो परत कधी लागणार?

दिवाळीला निशांत आला होता. जेवताना म्हणाला, “काका, ‘गोदाम गली’ बघितला का? कल्ट होणार बघा.”

“बघितला.”

“मग?”

“एकवीस खून हायत. एकाचंबी सुतक न्हाय.”

“काका, ती स्टाइल असते ओ.”

“असू दे की. एका तरी खुनाला थांबा म्हणतो मी.”

हे माझे मत मी बदललेले नाही. आमच्या वेळी एका खुनाला एक रीळ जायचे. मारणारा घाबरायचा, पाणी प्यायचा, घरी जाऊन बायकोच्या तोंडाकडे बघायचा. आता माणूस पडतो आणि गाणे सुरू होते. तरीही ‘गोदाम गली’ चिवट होईल हे मान्य करतो, कारण त्यातला म्हातारा हमाल खरा आहे. तो दोनदाच दिसतो. पुन्हा पाहायला जातात ते लोक त्याच्यासाठी जातात, बंदुकांसाठी जातोय असे त्यांना वाटते.

‘कोठी नंबर शून्य’ हा जुना हिंदी भुताचा पिक्चर निशांतची मित्रमंडळी हसण्यासाठी पाहतात. भुताच्या पायांत बूट दिसतात म्हणून. निपाणीत तो लागला तेव्हा तंबाखूच्या वखारीतल्या बायका ओरडायच्या, “आदी बूट काड की रं मुडद्या!” पण त्याच बायका शेवटी तळघराचे दार उघडताना एकमेकींचे हात धरायच्या. हसणे आणि भिणे एकाच तिकिटावर मिळत होते. नुसते हसायला येणाऱ्यांनी निम्माच पिक्चर पाहिला असे मी समजतो.

कन्नडमधला ‘हुलिबावी’ चांगला आहे व त्याला कोणी विचारत नाही. बैल विहिरीत पडतो आणि अख्खे गाव त्याला काढते, एवढीच गोष्ट. अबोलीने तो मंडळात दाखवावा.

अलीकडचा मराठी ‘जावक क्रमांक’ मी तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा झोप लागली. दुसऱ्यांदा राग आला की त्यातला कारकून अर्जाला उत्तर का देत नाही. तिसऱ्यांदा सुनंदा शेजारी नव्हती. त्या वेळी मला तो कळला, आणि मी मध्यंतराला उठून घरी आलो.

इथे मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. बसवत नाही. पुढचे कलम मी आज तिसऱ्यांदा लिहीत आहे.

कलम ४. ‘सामायिक भिंत’च्या चौदा डब्यांबाबत.

हा चित्रपट १९८६ सालचा. गोष्ट सरळ आहे. दोन भाऊ घर वाटून घेतात, मधोमध भिंत घालतात. आईचीही वाटणी होते: एक महिना इकडे, एक महिना तिकडे. पाचव्या रिळाच्या शेवटी आईला ताप येतो. सहाव्या रिळात ती तापातून उठलेली आहे. थोरल्या मुलाकडे सगळे जेवत बसले आहेत. आई न्हाऊन, ओल्या केसांनी आत येते. स्वतःच ताट घेते, वाढून घेते, भिंतीला टेकून जेवते. मुलगा, सून, नातू, कोणी तिच्याशी बोलत नाही, तिच्याकडे बघत नाही. ती अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवते आणि निघून जाते. सातव्या व आठव्या रिळात कोर्टाचे काम आहे. आई पडद्यावर नाही, फक्त एकदा आतून तिचा खोकला ऐकू येतो. नवव्या रिळात ती मरते. दहाव्यात भाऊ भिंत पाडतात. हा दिग्दर्शकाचा क्रम. या क्रमाने हा चित्रपट पुण्यात सहा दिवस चालला.

निपाणीत तो अकरा आठवडे चालला. त्या टॉकीजचे नाव लिहीत नाही, मालकांची मुले आहेत. मी तिथे दुय्यम ऑपरेटर होतो. मुख्य ऑपरेटर आण्णाप्पा मगदूम. हात धरून काम शिकवले ते त्यानेच. डबे आले तेव्हा त्यांवरची लेबले निघाली होती. आण्णाप्पाने एकेक रीळ उघडून नंबर तपासला आणि डब्यावर खडूने लिहिला. तो कन्नड शाळेत शिकलेला, त्याने कन्नड आकडे लिहिले. पहिल्या शुक्रवारी त्याला बहिणीच्या लग्नासाठी हुक्केरीला जायचे होते.

“तम्मा, आकडं वाचतोस न्हवं?” त्याने विचारले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आजही तो मला तेच म्हणतो.

“वाचतो की आण्णा. बसवर रोज वाचतोय.”

“रिळाच्या तोंडाला इंग्लिश नंबर हाय, त्योबी बघत जा.”

“व्हय, व्हय. जावा तुम्ही.”

कन्नड सहा आणि कन्नड नऊ यांत फरक फक्त खालच्या शेपटीचा. मी मराठी शाळेतला. रिळाचे तोंड बघितले नाही, कारण मला कन्नड येते असे मी सांगून बसलो होतो. तीनच्या खेळाला सहाच्या जागी नऊ लावले.

त्यामुळे निपाणीत आई मध्यंतराच्या आधीच मेली. लोक चरकले, पण तापाने गेली असे समजले. मग कोर्टाच्या रिळात आतून खोकला आला आणि अख्खे थिएटर गप्प झाले. आणि नवव्याच्या जागी सहावे रीळ लागले. मेलेली बाई ओल्या केसांनी घरात आली, ताट घेऊन बसली, आणि कोणालाच ती दिसेना. मी यंत्राशी उभा होतो. थांबवता येत नव्हते. खालून एका बाईचा आवाज आला, “आली गं बाई, जेवायला आली!” आणि बायका रडायला लागल्या. पुढच्याच रिळात भावांनी भिंत पाडली. सगळे जुळले.

आण्णाप्पा सोमवारी परत आला तोवर बाजारात तीच चर्चा होती. त्याने एक खेळ पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “ह्ये काय लावलंयस रं?” मालक म्हणाले, हात लावू नका, आहे तसेच चालू दे. तीन आठवड्यांनी चित्रपट पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि आरडाओरडा झाला. मालकांनी त्याच्यासमोर आम्हा दोघांना उभे केले. “कुणी लावलं?” मी खाली बघत राहिलो. आण्णाप्पा म्हणाला, “नंबर मी लिवलेत.” खोटे बोलला नाही. पण त्या आठवड्यात त्याला काढले. तो जत्रांतल्या तंबू सिनेमावर गेला आणि मी मुख्य ऑपरेटर झालो. दोन दिवस बरोबर क्रमाने चालवले, थिएटर रिकामे राहिले. कंपनीचा माणूस गेल्यावर मालकांनी पुन्हा उलटे लावायला सांगितले. या वेळी मी ते जाणूनबुजून लावले.

पुढे कंपनी बुडाली, प्रत आमच्याकडेच राहिली, आणि टॉकीज बंद झाली तेव्हा मालकांनी डबे मला दिले. मी डब्यांवर रंगाने मराठी आकडे घातले. निपाणीत चालला त्या क्रमाने. म्हणजे सहा नंबरच्या डब्यात नववे रीळ आहे.

सुनंदा निपाणीची. तिची आई वारली आणि दोन महिन्यांनी तिने हा चित्रपट पाहिला. एकूण अकरा वेळा पाहिला. १९८८ साली मी तिला बघायला गेलो तेव्हा तिने वर मान करून एकच प्रश्न विचारला, “तो पिक्चर तुम्हीच लावायचा काय?” मी हो म्हटले. लग्न त्या एका शब्दावर ठरले असे ती सगळ्यांना सांगायची. पुढची छत्तीस वर्षे कोणी कोणत्याही चित्रपटाची स्तुती केली की ती म्हणायची, असू दे, पण मेलेली आई जेवायला येते असा पिक्चर एकच. मी ‘हं’ म्हणायचो. दर वेळी सांगावेसे वाटायचे आणि दर वेळी वाटायचे, आता नको.

अबोलीने आत्याचे ऐकत ऐकत या चित्रपटाचा ध्यास घेतला. ज्याला ती कल्ट म्हणते ते निम्मे तिच्याच खटपटीने झाले आहे. ‘मृत आईचे परतणे’ या विषयावर तिने पुस्तिका छापायला दिली आहे. पुण्याच्या लोकांनी इथे येऊन डबे तपासले तेव्हा कळवले की सहा आणि नऊची अदलाबदल झालेली दिसते. अबोलीने त्यांना उत्तर पाठवले की ती चूक नाही, दिग्दर्शकाने निपाणीसाठी मुद्दाम क्रम बदलला होता, माझे मामा त्याला साक्षी आहेत. पत्र पाठवण्यापूर्वी तिने मला वाचून दाखवले.

“बरोबर आहे ना, मामा?”

मी मान हलवली.

सुनंदा दवाखान्यात होती तेव्हा शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, “मीबी येईन एकदा जेवायला, त्या आईसारखी. बघू नका हं माझ्याकडं. नुसतं जेवत ऱ्हावा.” मी तिच्या पायांवरचे पांघरूण नीट केले. तेव्हापासून जेवताना मी दाराकडे बघत नाही. चव लागत नाही. ताट घेऊन कधी ओट्यापाशी उभा राहतो, कधी बाहेर पायरीवर बसतो.

यंदाच्या मे महिन्यात मी सहावे रीळ काढले, खिडकीच्या उजेडात धरले आणि भिंगातून एकेक चित्र पाहिले. तीन दुपारी लागल्या. जेवण चालू असताना थोरली सून एकदाच, क्षणभर डोळे वर करते, आईकडे बघते आणि पुन्हा खाली घालते. निपाणीत आम्ही समजलो की तिला भुताची चाहूल लागली. तसे नाही. आई जिवंत आहे. सून तिला बघते आहे, आणि बोलत नाही. सगळ्यांना ती दिसते आहे.

माझ्या चुकीने लोकांना एक सोय मिळाली, असे माझे आता मत आहे. ती मेलेली आहे म्हणून घरचे बोलत नाहीत, असे समजून अकरा आठवडे लोक रडले, आणि हलके होऊन घरी गेले. दिग्दर्शकाने तसे हलके होऊ दिले नव्हते. म्हणून पुण्यात कोणी थांबले नाही.

यावर मी पहिल्यांदा असे कलम लिहिले होते: चित्रपट निपाणीच्या क्रमानेच जाऊ द्यावा, खरी हकीकत मी पाकिटात बंद करून ठेवतो, अबोलीने ते माझ्या मृत्यूनंतर उघडावे. सुनंदा ज्या चित्रपटावर विश्वास ठेवून गेली तो माझ्या हातून मोडू नये, एवढाच विचार होता.

ते कलम मी खोडले आहे. का, ते लिहितो.

आज रविवारी सकाळी साक्षीसाठी आण्णाप्पा निपाणीहून बसने आला. वय एक्याऐंशी, काठी आहे, आवाज तसाच. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असे वकील सांगतात, म्हणून त्याला मी काही ठेवलेले नाही. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा मी सर्व वाचून दाखवले. अबोली स्वयंपाकघरात चहा करत होती. पाकिटाच्या ओळीपाशी आण्णाप्पाने हात वर केला.

“थांब. डबं सतरा तारखेला जाणार, आणि पाकीट तू मेल्यावर? त्याच्या आत मरायचा बेत हाय काय तुझा?”

“तसं न्हाय आण्णा.”

“मग कसं? पोरगीनं पुस्तक छापलंय. तू मरशील, मग तिनं पाकीट उघडायचं, आणि मग लोकाम्होरं तिनंच तोंड लपवायचं. तुझ्या वाटचं गप्प बसणंबी तिच्याच नावानं लिवून ठेवलास की.”

मी म्हणालो, “सुनंदाला काय वाटेल?”

“सुनंदा वहिनीला मी उभ्या जन्मात सांगितलो न्हाय. तुझं तू सांगशील म्हणून. येकोणचाळीस वर्सं वाट बघालोय तम्मा. म्या न्हाय करत सही.” त्याने काठी जवळ ओढली.

अबोली चहा घेऊन दारात उभी होती. “कशाची वाट?” तिने विचारले.

आण्णाप्पा माझ्याकडे बघत बसला. निपाणीतल्या त्या दिवशी मी ज्या जागी गप्प बसलो होतो त्याच जागी पुन्हा उभा आहे असे मला वाटले. मी कलम चार पहिल्यापासून तिच्यासमोर वाचले. कन्नड आकड्यांपाशी आण्णाप्पा मध्येच हसला. “वाचतो की म्हणालास रं! मी लग्नात जिलबी खातोय आणि हिकडं ह्यानं म्हातारीला मारली!”

अबोली हसली नाही. तिने कप खाली ठेवले. “म्हणजे मी पुण्याला जे लिहिलं ते खोटं आहे.”

“व्हय.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“व्हय.”

“आणि आत्या? आत्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं?”

“न्हाय.”

मग तिने विचारले, “तुम्हाला कुठला दाखवावा वाटतो?”

मी म्हणालो, बरोबर क्रमाचा. आई जिवंत असताना जेवते तो. कारणही सांगितले, सुनेच्या नजरेचे.

अबोली म्हणाली, “मामा, मी बारावीला इथं राहिले होते ना? आत्या जेवताना बोलायची. पिक्चरचं, शेजारचं, कशाचंही. तुम्ही पेपर वाचत असायचात. मला वाटायचं, तुम्हाला ऐकू येत नाही.”

“ऐकू येत होतं,” मी म्हणालो.

आण्णाप्पाने काठी भिंतीला लावली आणि चहाचा कप उचलला. अबोली म्हणाली, “आता जे लिहायचं ते माझ्यासमोर लिहा.” म्हणून पुढचे तिच्यासमोर लिहीत आहे.

कलम ४, सुधारलेले. ‘सामायिक भिंत’ रिळांच्या तोंडावरील मूळ नंबरांप्रमाणे जोडावा व तोच चित्रपट म्हणून दाखवावा. पहिला खेळ निपाणीत करावा. ज्यांनी उलट्या क्रमाने पाहिला होता त्यांना मुद्दाम बोलवावे. ते चिडले तर चिडू द्यावे.

निपाणीत चालला तो क्रमही पुसू नये. सुनंदाने व निपाणीच्या बायकांनी जे पाहिले ते पाहिले, त्याला खोटे म्हणण्याचा हक्क मला नाही. तो वेगळा ठेवावा, मागेल त्याला दाखवावा, आणि त्याच्या सुरुवातीला पडद्यावर हे शब्द असावेत: “या प्रतीत सहावे व नववे रीळ उलटसुलट आहे. ही चूक दुय्यम ऑपरेटर भावकू धामणेकर याची. मुख्य ऑपरेटर आण्णाप्पा मगदूम यांचा तीत काही दोष नव्हता.” अक्षरे कमीत कमी दहा सेकंद ठेवावीत. आण्णाप्पाला वाचायला वेळ लागतो.

पुण्याच्या लोकांना पत्र मी उद्याच माझ्या सहीने पाठवीन. पुस्तिका थांबवायला अबोली व मी बरोबर छापखान्यात जाऊ. एवढे झाले की हे कलम माझ्या मृत्यूनंतर लागू करण्याचे कारण उरणार नाही. तरीही ते खोडत नाही. मी आयत्या वेळी गप्प बसतो, हे मला माहीत आहे. तसे झाले तर हा कागद मी जिवंत असतानाच अबोलीने माझ्यासमोर धरावा, असा अधिकार मी तिला देत आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केल्या. खाडाखोड आहे तिथे माझी आद्याक्षरे आहेत.

ठिकाण: खासबाग, बेळगाव
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: भावकू रवळू धामणेकर

साक्षीदार १: आण्णाप्पा शिवलिंग मगदूम, निवृत्त सिनेमा ऑपरेटर, निपाणी (सही कन्नडमध्ये)

साक्षीदार २: दिपाली आदर्श मुचंडीकर, शेजारी, खासबाग. फक्त सहीसाठी बोलावले होते, परंतु सर्व ऐकून झाल्यावर सही केली.